सड्यावरची झाडं नकाशावर कशी आणायची? नवशिक्यांसाठी वाटाड्या

पाच पावसाळ्यांपूर्वी मी पहिल्यांदा सड्यावर फुलं नोंदवायला गेलो तेव्हा माझ्याकडे बरा फोन, मोडकी छत्री आणि भरपूर उत्साह होता. ऑक्टोबर उजाडेपर्यंत नऊशेच्या वर फोटो जमले. नकाशावर ठेवता येतील असे त्यातले जेमतेम सव्वाशे निघाले. बाकीचे दिसायला सुंदर, पण कुठले, कधीचे आणि नेमके कशाचे, हे मलाच सांगता येईना. मी वनस्पतिशास्त्र बारावीपर्यंतच शिकलोय, नोकरी ऑफिसात, सडा फक्त शनिवार-रविवारी. तुमचीही गत साधारण अशीच असेल तर हा लेख तुमच्यासाठी.

सडा म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाचा सपाट माळ. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावागणिक एकतरी असतोच. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, काळाकुळकुळीत दिसतो, आणि सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, म्हणून लागलेला असतो. त्यामुळे तो रिकामाच आहे असं सगळे धरून चालतात. सुरुंग लावून खड्डे पाडतात, बाहेरची माती भरून आंब्याची कलमं लावतात, नाहीतर चिरेखाण काढतात. पण पहिल्या पावसानंतर त्याच कातळावर पांढऱ्या फुलांची दीपकाडी येते. जुलै-ऑगस्टात डबक्यांच्या कडेनं गेंद, सीतेची आसवं, कीटक खाणारा दवबिंदू. यातल्या कितीतरी जाती पश्चिम घाट आणि कोकण सोडून जगात कुठे नाहीत. त्या कुठल्या सड्यावर आहेत आणि कुठल्या नाहीत याची यादी मात्र बहुतेक गावांत कुणाकडेच नसते.

आणखी एक गोष्ट, मग कामाला लागू. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात स्टॉक्स नावाचे डॉक्टर आणि लॉ नावाचे मुलकी अधिकारी नोकरी सांभाळून झाडं गोळा करत. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच हौशी. सड्यावरच्या एका तेरड्याला लॉ यांचं नाव आहे, इम्पेशन्स लॉआय. या दोघांचे वाळवलेले नमुने आजही मोठमोठ्या संग्रहालयांत जपलेले आहेत. पण त्यातल्या कितीतरी कागदांवर ठिकाण म्हणून छापलंय, ‘मलबार, कोकण, इत्यादी’. आता दीडशेहून जास्त वर्षांनी त्या ‘इत्यादी’त जाऊन झाड शोधायचं कसं? तुमची नोंद हातात घेऊन एखादा अनोळखी माणूस वीस वर्षांनी त्याच दगडापाशी पोचला पाहिजे. पुढची सगळी खटपट त्यासाठी आहे.

१. आधी एकच सडा निवडा

‘कोकणातल्या सगळ्या रानफुलांचा नकाशा’ असं काही ठरवू नका. मी ठरवलं होतं. पेट्रोल संपलं, हाती काही आलं नाही. घरापासून अर्ध्या तासावरचा एक सडा धरा आणि वर्षभर तोच करा. किंवा एकच जात धरा आणि दहा सड्यांवर शोधा. दीपकाडी त्याला चांगली, पांढरी फुलं लांबून दिसतात. दोन्ही एकदम नको.

निवडताना मोह होतो तो प्रसिद्ध ठिकाणाचा. कासला २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, तिथे अभ्यासक पोचलेले आहेत. तुमच्या गावामागच्या माळावर कुणी गेलेलं नाही. तिथल्या साध्या, सगळीकडे उगवणाऱ्या कवल्याची नोंदही नवी ठरते.

२. परवानगी आणि कागद

सडा मोकळा दिसतो, पण तो कुणाचा तरी असतो. बहुतेकदा दहा-वीस सहहिस्सेदारांचा, त्यातले निम्मे मुंबईत. सगळ्यांना गाठणं शक्य नसतं, म्हणून मी असं करतो. ग्रामपंचायतीला एक पानी पत्र द्यायचं: मी कोण, काय करणार, काय करणार नाही (झाडं उपटणार नाही, जमिनीची मोजणी करणार नाही). पोच घेऊन ती पिशवीत ठेवायची. ‘मोजणी’ हा शब्द आवर्जून लिहा. हातात फोन घेऊन माळावर चौकटी आखत फिरणारा माणूस दिसला की गावाला आधी वाटतं, खाणवाला नाहीतर रिफायनरीवाला आला. राग रास्त असतो.

सोबत एवढं ठेवा:
- स्वतःचं ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स
- ग्रामपंचायतीच्या पत्राची पोच
- राखीव वन किंवा अभयारण्य असेल तर वनविभागाची लेखी परवानगी. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ चालत नाही.
- गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या अध्यक्षांचा किंवा सचिवांचा नंबर. जैविक विविधता कायदा २००२ मध्ये झाला आणि त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत अशी समिती असायला हवी. कागदावर ती जवळपास सगळीकडे असते.

देवराईत जायचं तर आधी गुरवांना किंवा मानकऱ्यांना विचारा. चपला बाहेर, आणि पानसुद्धा तोडायचं नाही.

३. सामान

फारसं काही लागत नाही. जीपीएस असलेला फोन, पॉवर बँक, दोन झिपच्या प्लॅस्टिक पिशव्या. १५ सेंटिमीटरची पट्टी. १० पट मोठं दाखवणारं भिंग, सोनार वापरतात तसलं. पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. पेन नको, पहिल्या सरीत पान निळं होतं. आत किती झाडं आहेत ते मोजायला पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट, चार तुकडे आणि चार कोपरे, प्लंबरच्या दुकानात मिळतात. घोट्याच्या वर येणारे बूट हवेतच. सडा फुरशांचा आहे, आणि फुरसं जांभ्याच्या रंगात असं मिसळतं की पाय पडल्यावरच कळतं. दगड हातानं उलटू नका. पायाला जखम असेल तर डबक्यात उतरू नका, लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो. आणि गडगडायला लागलं की सरळ उतरायला लागा. मोकळ्या माळावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

४. घरी बसून चौकटी पाडा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त वगळला जातो. वगळलात तर तुमचा नकाशा झाडांचा होणार नाही, तुमच्या पायवाटेचा होईल. माझ्या पहिल्या वर्षीच्या सगळ्या नोंदी गाडी लावायची जागा ते मंदिर या एका पट्ट्यात होत्या. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, दवबिंदू फक्त देवळाच्या वाटेवर उगवतो.

क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात सड्याचं उपग्रहचित्र उघडा, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर निवडा (कोकण त्याच पट्ट्यात येतं) आणि ५०० मीटरच्या चौकटींची जाळी टाका. प्रत्येक चौकटीला क्रमांक द्या. कॉम्प्युटर जमत नसेल तर नकाशाचा प्रिंट आणि पट्टी-पेन्सिल पुरते. मुद्दा हा की प्रत्येक चौकटीत जायचं, ती कितीही रुक्ष दिसली तरी.

चौकटींना एवढं महत्त्व का, तर एखादी जात किती धोक्यात आहे हे आंतरराष्ट्रीय लाल यादीसाठी ठरवताना २ किलोमीटर बाय २ किलोमीटरच्या चौकटी मोजतात. जात जितक्या चौकटींत सापडते तितकं तिचं व्याप्त क्षेत्र. ते १० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल आणि अधिवास तुटत जाणं, घटत जाणं अशा बाकीच्या अटीही लागू पडत असतील, तर जात सगळ्यात गंभीर वर्गात जाते. ५०० पेक्षा कमी असेल तर त्याखालच्या, २००० पेक्षा कमी असेल तर आणखी खालच्या. आता हिशोब करा. दोन चौकटी म्हणजे ८ चौरस किलोमीटर, तीन म्हणजे १२. एका हौशी माणसाचा एक चुकीचा ठिपका दुर्मिळ जातीचा वर्ग बदलू शकतो. एक खरा ठिपकासुद्धा.

५. सड्यावर गेल्यावर

वेळेचं गणित असं. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दीपकाडी आणि जमिनीवरच्या काही आमरी (ऑर्किड). जुलै ते ऑगस्ट डबक्यांतलं आणि पाझरावरचं. सप्टेंबरात कवला, तेरडे आणि गवतं. डिसेंबर ते फेब्रुवारी भुईगेंद, तोही कातळाच्या भेगेत. महिन्यातून दोनदा गेलात तरी पुष्कळ. एकाच चौकटीत तीन वेगळ्या महिन्यांत गेल्याशिवाय ‘इथे अमुक नाही’ असं म्हणू नका.

प्रत्येक फेरीला वहीत आधी हे लिहा: तारीख, निघाल्याची वेळ, चौकट क्रमांक, सोबत कोण, पाऊस किती. परतताना संपल्याची वेळ. मग नोंदी. प्रत्येक नोंदीत जात (किंवा ‘अनोळखी ७’ असा क्रमांक), अंदाजे किती झाडं, कळी-फूल-फळ, आणि जागा कसली: डबकं, पाझर, मातीचा पातळ थर, कातळाची भेग, गडग्याचा (दगडी कुंपणाचा) आडोसा. हे शेवटचं विसरू नका. सड्यावर हाताच्या अंतरानं दुनिया बदलते. डबक्यातलं झाड दोन फुटांवरच्या कातळावर जगत नाही.

आणि जे दिसलं नाही तेही लिहा. ‘चौकट १२, दीड तास, दीपकाडी नाही.’ ही ओळ लिहायला कंटाळा येतो, आणि फोटो-ॲपमध्ये तिला जागाही नसते. पण दहा वर्षांनी दीपकाडी कमी झाली का हे विचारलं जाईल तेव्हा याच ओळी कामाला येतील. नुसत्या ‘सापडली’च्या नोंदींवरून कमी-जास्त काही कळत नाही.

साध्या झाडांनाही जागा द्या. पहिल्या वर्षी मी कवला नोंदवलाच नाही, सगळीकडेच तर आहे म्हणून. रानमोडी आणि रस्त्याकडेचा कॉसमॉस हे बाहेरचे पाहुणेही नोंदवा, ते कुठपर्यंत आलेत हे कळायला हवं. लावलेली झाडं मात्र, कलमं, काजू, गिरिपुष्प, वेगळी खूण करून ठेवा.

६. फोटो: सुंदर नको, पुरेसे हवेत

एका झाडाचे किमान पाच प्रकारचे फोटो. आधी आजूबाजूची जागा, मग पूर्ण झाड, पानाची वरची बाजू आणि खालची बाजू, खोडाला पान कसं जोडलंय ते, आणि फूल समोरून व बाजूनं. फळ असेल तर तेही. एका फोटोत पट्टी ठेवाच. सीतेच्या आसवांची फुलं बोटाच्या पेरापेक्षा लहान असतात, पट्टीशिवाय त्यांचा आकार कळत नाही. बाजूनं घेतलेल्या फोटोत फुलाची मागची शेपटी, म्हणजे शुंडिका, दिसली पाहिजे. त्यावरून जाती वेगळ्या करतात.

एक सापळा असा की त्यात प्रत्येकजण अडकतो. सड्यावरून व्हॉट्सॲपवर ग्रुपला फोटो पाठवला, नंतर फोनमधला मूळ फोटो जागेअभावी पुसला आणि व्हॉट्सॲपवरचा जपून ठेवला. त्या फोटोतून जागेची माहिती गळून गेलेली असते. मूळ फोटो ठेवा. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. माझ्या नऊशेतले किती असे गेले, ते मोजायचं मी टाळलंय.

७. अक्षांश-रेखांश

उघड्या सड्यावर फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक जागा देतो, पण पिशवीतून काढल्या-काढल्या नाही. नकाशावरचं निळं वर्तुळ आकसेपर्यंत अर्धा मिनिट थांबा. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, नकाशा फक्त घरून उतरवून न्या.

आकडे दशांश अंशांत लिहा, पाच दशांश स्थळांपर्यंत. चार स्थळांत ११ मीटरचा फरक मावतो, दोनच लिहिलीत तर किलोमीटरभर. आणि हे कृपा करून लक्षात ठेवा: १६ अंश ५० मिनिटं म्हणजे १६.५० नव्हे, १६.८३३. आमच्या एका मित्राच्या नोंदी या एका चुकीनं सरसकट सुमारे ३७ किलोमीटर दक्षिणेला सरकल्या होत्या आणि आम्ही महिनाभर ‘नवा सडा सापडला’ म्हणून खूश होतो. अक्षांश आणि रेखांश उलटे भरलेत तर तुमची दीपकाडी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात फुलेल. ही चूक निदान लगेच दिसते तरी.

८. नाव लावण्याची घाई

पहिल्या जूनमध्ये मी चौदा ठिकाणी नुसत्या पानांवरून ‘दीपकाडी’ लिहिलं. रानभाजी खुडायला आलेल्या वाडीतल्या एका काकूंना कौतुकानं दाखवायला गेलो. त्या म्हणाल्या, ‘‘अरे, ही फोडशी! परवाच भाजी केली मी हिची. फुलं येऊ देत की, आत्ताच काय डोकं फोडतोस?’’ चौदातल्या नऊ फोडशी निघाल्या. त्या काकूंना लॅटिन येत नाही, पण कुठल्या गडग्यामागे काय येतं हे त्यांना माझ्या जाळीपेक्षा चांगलं ठाऊक आहे. रानभाजी गोळा करणाऱ्या बायकांशी आणि गुराख्यांशी आधी बोला. त्यांनी सांगितलेलं नाव वहीत जसंच्या तसं लिहा, सुधारू नका.

मात्र स्थानिक नावावर नकाशा करू नका. ‘गेंद’ म्हणजे एक जात नाही, सड्यावर त्याच्या अनेक जाती असतात आणि त्या वेगळ्या करायला बियांचं कवच सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. फोटोवरून कुणी छातीठोक सांगत असेल तर सावध राहा. अशा वेळी ‘एरिओकॉलॉन (हे गेंदाचं शास्त्रीय नाव), जात माहीत नाही’ एवढंच लिहा. अर्धवट पण खरं नाव चालतं, पूर्ण पण चुकीचं चालत नाही.

ॲप सुचवतं ते नावही अंतिम नसतं. ते दिसण्यातलं साम्य शोधतं, आणि त्याच्याकडे सड्यावरचे फोटो कमी. मी असं करतो: ॲपचं नाव घेतो, मग थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतीग्रंथातलं वर्णन ताडतो. तो १९०१ ते १९०८ मध्ये खंडशः निघाला, आज नेटवर फुकट वाचता येतो, आणि वर्णनं अजून टिकून आहेत. नावं मात्र बदललीत. कारवी काही पुस्तकांत कार्विया कॅलोसा, आता स्ट्रोबिलॅन्थस कॅलोसा. दोन्ही नावांनी नोंदी ठेवल्यात तर एकाच झाडाचे दोन नकाशे होतील. चालू नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर बघून घ्या आणि सगळीकडे तेच वापरा.

अडलंच तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत झेवियर्सचा ब्लॅटर संग्रह आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. ‘हे काय आहे?’ असं विचारत एक अस्पष्ट फोटो पाठवू नका. पाच फोटो, जागा, तारीख आणि ‘मला हे अमुक वाटतं, कारण…’ असं लिहा. उत्तर येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

झाड उपटून वाळवण्याच्या भानगडीत स्वतः पडू नका. सड्यावर कंद उपटला की ती जागा संपली. नमुना लागलाच तर ते परवानगी असलेल्या अभ्यासकाचं काम.

९. नोंदी कुठे टाकायच्या, काय लपवायचं

मी आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ आणि ॲप वापरतो. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलही चांगलं आहे, आपलं आहे. आयनॅचरलिस्टवर तारीख, जागा, फोटो आणि दोन-तृतीयांशाहून जास्त ओळखणाऱ्यांचं एकमत असलं की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते आणि तिथून जीबीआयएफ या जैवविविधता-नोंदींच्या जागतिक साठ्यात जाते. पण तुम्ही परवान्यात ‘सर्व हक्क राखीव’ निवडलं असेल तर जात नाही. सेटिंगमध्ये एकदा तपासून घ्या.

सगळंच उघड करायचं नसतं. कंदीलपुष्पाचे कंद खणून नेतात, आमरी बागेसाठी उचलतात, नरक्या हे झाड तर औषधासाठी बेकायदा तोडलं जातं. अशा जातींची जागा ‘धूसर’ ठेवा. धोक्यातल्या काही जातींची जागा आयनॅचरलिस्ट आपोआप धूसर करतं, पण आपल्याकडच्या सगळ्या नाहीत, म्हणून भरवसा ठेवू नका. आणि फोटोमागे ओळखू येणारा कातळशिल्पाचा कोपरा किंवा देऊळ असेल तर धूसर करून उपयोग काय? अचूक आकडे स्वतःच्या तक्त्यात ठेवा, दोन ठिकाणी, आणि खऱ्या अभ्यासकाला मागितल्यावर द्या.

इन्स्टाग्रामवर ‘आमचं कास’ म्हणून रील टाकणाऱ्यांना मी हात जोडतो. एका रविवारच्या गर्दीनं पाझराचं काय होतं ते मी पाहिलंय.

१०. नकाशा झाला, पुढे?

पहिली प्रत ग्रामपंचायतीला द्या, मराठीत, छापून. लोकजैवविविधता नोंदवहीत या नोंदी घाला असा अर्ज सोबत जोडा. अनेक गावांच्या नोंदवह्या कुणीतरी बाहेरून घाईनं भरलेल्या आहेत, त्यात वड-पिंपळ असतात, सडा नसतो.

दुसरा उपयोग जनसुनावणीत. खाणीच्या किंवा प्रकल्पाच्या अहवालात सड्याचं वर्णन ‘तुरळक गवत’ असं आलं, तर तारीख, चौकट आणि फोटोसह लेखी हरकत देता येते. नुसती तळमळ तिथे टिपून घेतली जात नाही, तक्ता मात्र त्यांना घ्यावा लागतो.

तिसरा रस्ता लांबचा आहे. जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर करू शकतं. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथलं मायरिस्टिकाचं (रानजायफळाचं) दलदली जंगल २०२१ मध्ये असं जाहीर झालं. ती देवराई आहे, गावानं आधीच राखलेली. सड्याला देव नसतो, आणि हिस्सेदार वीस असतात. त्यामुळे इथे वेळ लागतो.

दुसऱ्या वर्षी नवीन सडा धरण्याआधी जुन्या चौकटी पुन्हा करा, त्याच आठवड्यात, तेवढाच वेळ देऊन. माझ्या चौकट ९ मध्ये गेल्या जूनला कलमांचे खड्डे होते. वहीत तारीख लिहिली, ‘५० मिनिटं, दीपकाडी नाही’ असं लिहिलं, खड्ड्यांचे फोटो घेतले आणि चौकट १० कडे गेलो. तिथे होती, अकरा झाडं, गडग्याच्या आडोशाला.